वेशीबाहेरच्या दगडावरचं पान

दरवर्षी पितृपंधरवडा लागला की माझ्या पोटात आग पडायची. नवरा म्हणायचा, "उडदाचे वडे कमी खात जा." वडे मी खातच नव्हते. आग वेगळ्याच गोष्टीची होती आणि ती माझी मला एकटीलाच माहीत होती. सर्वपित्री अमावास्येला केंब्रिजच्या आमच्या घरात सहा पानं वाढली जायची. चार सासरची, पाचवं माझ्या वडिलांचं आणि सहावं माझ्या आईचं. आणि माझी आई जिवंत होती.

आता लिहायलाच बसले आहे तर सगळंच सांगते, आडपडदा ठेवून काय करू? मी अकोल्याची. नऊ वर्षांची होते तेव्हा आईच्या दंडावर आणि पाठीवर फिक्कट चट्टे आले. पुढे पुढे तव्याचा चटका बसला तरी तिच्या बोटांना कळेना. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं आणि घरात त्या दिवसापासून ते नाव कुणीच उच्चारलं नाही, "तो आजार" एवढंच म्हणायचे. महारोग. मुलगी उजवायची आहे, घराला डाग लागेल, असं ठरलं, आणि एका पहाटे वडील आईला विदर्भातल्याच एका आश्रमात सोडून आले. परत आल्यावर लोकांना सांगितलं की नागपूरच्या दवाखान्यात गेली, ताप डोक्यात गेला. मलाही तेच सांगितलं. दहावा झाला, तेरावा झाला. दहाव्याला मी वडिलांचा हात धरून घाटावर उभी होते. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण पिंडाला एकही शिवेना. "मुलीला सांभाळीन," म्हणून झालं, "तुझी इच्छा पुरी करीन," म्हणून झालं. उन्हं वर आली तसे भटजी कंटाळले, त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि आम्ही घरी आलो.

लग्नाच्या आठ दिवस आधी वडिलांनी मला खरं सांगितलं. तिथल्या औषधांनी ती दोन वर्षांत बरी झाली होती, तिच्यापासून कुणालाच काही धोका नव्हता, फक्त हाताची बोटं गेली होती. "आता तू ठरव," म्हणाले. मी ठरवलं. पुण्याचं स्थळ, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, साड्यांना फॉल लावून झालेले. झाकली मूठ सव्वा लाखाची! नवव्या वर्षाचं पाप मोठ्यांचं असेल, पण चोविसाव्या वर्षापासून एक्कावन्नाव्या वर्षापर्यंतची सगळी वर्षं माझी आहेत, ती मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही.

वडील गेले तेव्हा आम्ही इंग्लंडला येऊन बरीच वर्षं झाली होती आणि सासूबाई आमच्याजवळ राहायला आल्या होत्या. सासूबाई म्हणजे तोंडानं फटकळ, मनानं लोण्याचा गोळा. त्या वर्षीच्या सर्वपित्रीला त्या आपण होऊन म्हणाल्या, "तुझ्या माहेरी आता पाणी द्यायला कुणी उरलं नाही. तुझ्या आईवडिलांची पानं आपल्याकडे वाढत जा. कुणी विचारलं तर मी बघून घेईन." इतक्या प्रेमानं म्हणाल्या की मला रडू आलं. त्यांना वाटलं, आईच्या आठवणीनं रडते आहे. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. आणि मग दरवर्षी एका जिवंत बाईसाठी मी खीर, वडे, कढी, अळूची पातळ भाजी, आमसुलाची चटणी आणि गवारीची भाजी रांधत राहिले. गवारीची तर कोण यातायात! सासूबाईंना फ्रोझन चालत नाही, श्राद्धाला ताजीच हवी. मग कधी वॉटफर्ड, कधी इल्फर्ड, लंडनभोवतीच्या एम पंचवीस हायवेच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकून मी गवार आणि अळूची पानं आणायची. आईचं मी दुसरं काय करत होते? निदान गवार तरी ताजी.

मी दत्ताची भक्त आहे. सकाळी पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय चहा घेत नाही. पण भक्त म्हणजे गरीब गाय नव्हे हं, मी देवाशी चांगली कचाकचा भांडते. या एकाच बाबतीत मात्र माझं तोंड बंद असायचं. फोटोसमोर हात जोडले की सगळ्यांसाठी मागायची, आईचं नाव आलं की घाईघाईनं उदबत्ती लावायची. पोथीत तर पानोपानी असे रोगी येतात, लोकांनी गावाबाहेर काढलेले, आणि तो त्यांना जवळ घेतो. ती पानं मी भरभर वाचायची.

जाण्यापूर्वी वडिलांनी माझा नंबर आश्रमाला देऊन ठेवला होता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, एका रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला, भारतातून फोन आला. एक बाई म्हणाली, "मी आश्रमाच्या ऑफिसातून बोलते आहे. तुमच्या आईंना तुमच्याशी बोलायचंय. देऊ का?" समोर नवरा लॅपटॉप घेऊन बसला होता, सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. मी म्हटलं, "राँग नंबर." आणि ठेवला. पुन्हा आला तर कळावं म्हणून तो नंबर "पुणे इन्शुरन्स" या नावानं सेव्ह केला. मग दर रविवारी, आमचे बारा वाजले की, पुणे इन्शुरन्स वाजायचा. मी उचलायची नाही. नवरा वैतागायचा, "अगं, ब्लॉक कर ना त्या माणसाला! रविवारीसुद्धा पॉलिसी विकतात." ब्लॉकही मी केला नाही. का ते मला सांगता येत नाही. वाजायला लागला की अंगावर काटा यायचा, आणि एखाद्या रविवारी पाच मिनिटं उशीर झाला तर जीव कासावीस व्हायचा.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी त्याच नंबरवरून मेसेज आला. "आईंची तब्येत नाजूक आहे. हृदयाचा त्रास आहे. एकदा बोलून घ्या, ही विनंती." मी तो किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये वाचला. मागच्या सीटवर गवारीची पिशवी होती.

दुसऱ्या दिवशी रविवारच होता. सकाळपासून मी स्वयंपाकाला लागले. वडे तळताना नेहमीप्रमाणे स्मोक अलार्म बोंबलला, नेहमीप्रमाणे नवरा टॉवेल फडकवत धावला. सासूबाईंचा नियम असा की कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालायचा नाही. आमच्या बागेत येतात मॅगपाय, कबुतरं आणि शेजारचं मांजर. एकदा तर एक सीगल अख्खं पान उचलून घेऊन गेला. सासूबाईंनी निकाल दिला, "हा चालत नाही." तेव्हापासून मी घास घेऊन गाडीनं शहराबाहेर जाते. तिथे रेल्वेच्या रुळांपलीकडे एक चिमुकलं दगडी चॅपल आहे, भोवती मोठी झाडं, झाडांवर कावळेच कावळे. दहा वर्षं मी तिथे जात होते. चॅपलला कायम कुलूप. दारावरचा बोर्ड मी कधी वाचला नव्हता. आपल्याला काय करायचंय, कावळ्यांशी कारण.

एरवी मी सगळे घास एकाच पानावर ठेवायची, एकाला कावळा शिवला की गाडीकडे पळायची. सहाव्या घासाचं काय होतं ते मी कधी थांबून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र पाच घासांचं पान कुंपणाच्या खांबाशी ठेवलं आणि आईचा घास वेगळा काढला. गवत ओलं होतं म्हणून फाटकाजवळच्या एका बुटक्या, सपाट दगडावर तिचं केळीचं पान मांडलं. आणि हात जोडून दत्ताला म्हटलं, मला खूण दे. याला कावळा शिवला तर मी समजेन की ती गेली.

आता जे लिहिते आहे ते लिहिताना हात अडतो. मी नुसती खूण मागितली नाही. मनात म्हटलं, शिवू दे. म्हणजे सुटेन. फोन थांबेल, कुणाला काही सांगावं लागणार नाही, सहावं पान खरं होईल. पोटच्या पोरीनं आईसाठी देवाजवळ हे मागितलं. ज्याला माझी घृणा वाटेल त्याला वाटू दे. मला स्वतःला वाटते.

पाच घासांवर कावळे तुटून पडले. सहाव्याजवळ एक आला, दगडाच्या कडेवर उतरला, मान वाकडी करून पाहिलं आणि उडाला. दुसरा आला, तोही उडाला. मला घाट आठवला, वडिलांचा घामट हात आठवला. अगंबाई, म्हटलं, यांना तेव्हाही माहीत होतं! जिवंत माणसाच्या घासाला ते कशाला शिवतील?

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं. चॅपलचं दार सताड उघडं होतं, माझं लक्षच नव्हतं. दारातून एक म्हातारी गोरी बाई काठी टेकत, जवळजवळ धावत येत होती. ऐंशीच्या पुढची असेल. काळा रेनकोट, काळी लोकरी टोपी, गळ्यात हातभर लांबीची किल्ली. मला वाटलं, आता कचरा टाकल्याबद्दल बोलणी बसणार. कौन्सिल, दंड, काय काय डोक्यात आलं. मी "सॉरी, सॉरी" म्हणत पान उचलायला वाकले तर ती म्हणाली, "नको, नको, उचलू नकोस! तू दगडावर ठेवलंस! तुला कुणी सांगितलं?"

तिचं नाव डोरीन. चॅपलची किल्ली तिच्याकडे असते आणि सप्टेंबरात एखाददुसऱ्या रविवारी ते लोकांना बघण्यासाठी उघडतात, तेव्हा ती दारात बसते. मला काहीच कळत नाही हे बघून तिनं मला समजावून सांगितलं. आठ-नऊशे वर्षांपूर्वी हे चॅपल महारोग्यांचं होतं. इथेच त्यांची वस्ती होती, शहराच्या वेशीबाहेर. त्यांनी बाजारात यायचं नाही, विहिरीला हात लावायचा नाही. मग शहरातले लोक या दगडावर भाकरी, चीज, कुणी काही ठेवून जायचे आणि ते लोक पाठमोरे झाले की आतली माणसं येऊन उचलायची, अशी या भागात गोष्ट सांगतात. "एकोणीस वर्षं मी येणाऱ्या प्रत्येकाला हा दगड दाखवते," डोरीन म्हणाली. "लोक यावर कॉफीचे रिकामे कप ठेवतात. जेवण ठेवणारी तू पहिली."

मी तिथेच ओल्या गवतात फतकल मारून बसले. साडीला आणि सोवळ्याओवळ्याला एवढी जपणारी मी, पण त्या वेळी साडीचं भान नव्हतं. दहा वर्षं ज्या जागी आईचा घास टाकून मी पळत होते, ती जागा ही होती.

डोरीनला वाटलं मला चक्कर आली. ती काठीवर भार देत माझ्याशेजारी त्या दगडाच्या कडेवर टेकली आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, "कोणासाठी आणलंस हे?"

"माझ्या आईसाठी."

"मग? येणार आहे का ती?"

किती साधा प्रश्न! बेचाळीस वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. मेलेल्या बाईबद्दल असं कोण विचारेल? मी म्हटलं, "नाही. ती भारतात राहते." बोलून गेले आणि माझी मीच दचकले. आपलाच आवाज आपल्याला अनोळखी वाटावा तसं झालं.

"अरेरे, लांब आहे मग," डोरीन म्हणाली. मग पानाकडे बघून लहान मुलीसारखी लाजून म्हणाली, "रागावू नकोस. मी सकाळी नवापासून इथे आहे आणि सँडविच बसमध्ये विसरले. तुझी आई येणार नसेल तर तिच्या वाटचं मी खाल्लं तर चालेल तिला?"

मी घड्याळात पाहिलं. बाराला वीस मिनिटं कमी होती. आम्ही दत्ताची माणसं लहानपणापासून ऐकत आलो आहोत की तो भर दुपारी भिक्षेला येतो आणि कुठल्या वेषात येईल ते सांगता येत नाही. फकीर होऊन येतो, वेड्याच्या रूपात येतो. काळ्या रेनकोटात येतो असं कुणी सांगितलं नव्हतं. मी काही म्हणत नाही, वाचणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं. मी मान हलवली एवढं खरं. तिनं हातमोजा काढला, वड्याचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. डोळे मिटून म्हणाली, "ओह, लव्हली." आईच्या घासाला शेवटी कुणीतरी शिवलं.

मग मला हुंदका फुटला तो आवरेना. डोरीन मला हाताला धरून आत घेऊन गेली, काठी काखेत, पान दुसऱ्या हातात. आत एक बाकडं, एक मेणबत्ती आणि दगडाचा गारवा. तिथे बसून, ज्या बाईचं आडनावही मला ठाऊक नव्हतं तिला, नवऱ्याला, सासूला, कुणालाच न सांगितलेलं सगळं मी सांगितलं. घाट, दर्भाचा कावळा, सहावं पान. तिनं मध्ये एकदाही "हाऊ टेरिबल" म्हटलं नाही. मग म्हणाली की जुन्या पुस्तकांत एक विधी लिहिलेला सापडतो. रोग्याला चर्चमध्ये काळ्या कापडाखाली बसवायचं, त्याच्यासाठी मेलेल्याची प्रार्थना म्हणायची, पायावर फावडंभर माती टाकायची आणि सांगायचं की तू जगाला मेलास, आता फक्त देवाला जिवंत. "इथे असं कधी खरंच केलं का, यावर विद्वानांचं एकमत नाही," ती म्हणाली. "मलाही खोटं वाटायचं. जिवंत माणसाचं असं कोण करेल, म्हणायचे मी." एवढं बोलून तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्ही केलं होतं. त्यांनी निदान देवाला जिवंत, एवढं तरी ठेवलं होतं. आम्ही तेही ठेवलं नाही.

भिंतीवर एका चित्रात हातात घंटा घेतलेला एक वाकलेला माणूस होता. मी म्हटलं, "ही घंटा लोकांनी लांब व्हावं म्हणून ना?" डोरीन म्हणाली, "शाळेत आम्हालाही तेच शिकवलं. आता अभ्यास करणारे म्हणतात की बऱ्याचदा उलटं होतं. या आजारात आवाज बसतो. हाक मारता येत नाही. म्हणून घंटा. लांब जा म्हणून नाही गं, जवळ या म्हणून."

आणि माझा फोन वाजला. पुणे इन्शुरन्स. बारा वाजले होते, दर रविवारी वाजायचा तसाच वाजला, यात चमत्कार काही नाही. त्या दगडी खोलीत मात्र तो इतका घुमला की डोरीन दचकली. "उचल ना," ती वडा चघळत म्हणाली, "इथे कोणी रागावत नाही."

मी उचलला. ऑफिसातल्या बाईनं घाबरतच विचारलं, "देऊ का?" मी म्हटलं, "द्या." खरखर झाली, कुणीतरी कॉटवर सरकल्याचा आवाज आला आणि मग एक बसलेला, घोगरा आवाज. मला तो मुळीच ओळखू आला नाही. बेचाळीस वर्षांत तिची बोलीही तिथल्या माणसांसारखी होऊन गेली होती.

"पोरी, काऊन वं, फोन काऊन उचलत नव्हती?"

"आई" हा शब्द मी इतकी वर्षं सासूबाईंना म्हणत होते, तो आता तिला म्हटला. पलीकडे ती नुसतं "हो, हो" म्हणत राहिली. मी म्हटलं, "आई, मी फार वाईट वागले गं." तर म्हणाली, "राहू दे आता. रडू नको. आज सर्वपित्री ना?"

"हो."

"माझं पान वाढलं?"

काय सांगू! तिला माहीत होतं. वडील वर्षातून एकदा तिला भेटून यायचे, हे मला त्या दिवशी तिच्याच तोंडून कळलं. तिचा दहावा झाला, तेरावा झाला, सगळं तिला माहीत होतं. तिकडे घरी पान वाढलं जात असेल म्हणून ती दर सर्वपित्रीला आश्रमाच्या पंगतीत जरा उशिराच बसायची म्हणे. मी म्हटलं, "वाढलं." ती म्हणाली, "काय काय केलं, सांग तर." आणि मी रडत रडत एकेक नाव घ्यायला लागले. खीर, वडे, कढी, अळू, आमसुलाची चटणी, गवार.

"गवार?" आई एकदम मोठ्यांदा म्हणाली. "अवं बाप्पा! गवार मले कधीच नाही आवडली! मेल्यावरबी गवारच वाढून राहिली का माह्या पानात?"

आणि ती हसायला लागली. खोकत, धापा टाकत हसत होती, ऑफिसातली बाई मागून "हळू, आजी, हळू" म्हणत होती, मीही हसत होते, रडत होते, आणि डोरीन, एक अक्षर न समजता, माझा हात धरून हसत होती. एम पंचवीसवरचे ते सगळे तास मला आठवले. कर्म माझं!

घरी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. सासूबाई उपाशी, दारातच उभ्या. "शिवला का कावळा?" मी तिथेच, चपला न काढता, सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीचा आधार घेतला. "जिवंत बाईचं पान माझ्या हातून वाढवलंस?" एवढंच म्हणाल्या आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नवऱ्यानं माझा फोन उचलून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी तुला तुझी आई ब्लॉक करायला सांगत होतो?" त्याचा चेहरा मी विसरणार नाही. रागावेल, ओरडेल अशी सत्तावीस वर्षं भीती बाळगली होती. तो उठला, लॅपटॉप उघडला आणि नागपूरची तिकिटं बघायला लागला.

चारच्या सुमाराला सासूबाई बाहेर आल्या. सहा पानं तशीच मांडलेली होती. त्यांनी सहावं पान दोन्ही हातांनी उचललं, पितरांच्या रांगेतून काढलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नेऊन ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नंबर लावून दे. मला विहीणबाईंची माफी मागायची आहे. आणि तू आधी जेव."

नोव्हेंबरात आम्ही तिघं जाऊन आलो. आईला प्रवास झेपण्यासारखा नाही, तिला यायचंही नाही. तिथे तिच्या मैत्रिणी आहेत, बाग आहे, भांडायला माणसं आहेत. तिच्या तळहातांना बोटं नाहीत, पण मला जवळ घेताना तिला बोटांची गरज पडली नाही. पहिले दोन दिवस मी तिच्या पायांशी नुसती बसून होते. तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाली, "ऊठ वं आता, किती माफी मागशील? वेणी घाल माही."

देवाजवळ मी माझ्या सोयीची खूण मागितली होती. ती त्यानं दिली नाही, हीच त्याची कृपा. मी त्याला सांगत होते की मला सोडव, आणि मला सोडवणारी वाट ज्या दारातून जात होती तेच दार मी अंग लावून बंद धरलं होतं. आपण बाजूला झालो की झालं, बाकी तो बघतो, एवढंच मला यातून कळलं. पोथीतली ती पानं आता मी सावकाश वाचते. डोरीनला महिन्यातून एकदा डबा घेऊन जाते. तिला चटणी फार आवडते.

यंदाच्या सर्वपित्रीला आमच्याकडे पाच पानं वाढली. घास घेऊन मी त्याच जागी गेले, सगळे एका पानावर ठेवले आणि हात जोडायच्या आत कावळे शिवले. मग गाडीत बसून आईला फोन लावला. तिनं पहिला प्रश्न विचारला, "गवार केली का?"

"केली. पण तुझ्यासाठी नाही."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. तिला संध्याकाळच्या पंगतीचं बोलावणं आलं होतं. यंदा ती वेळेवर जेवायला बसली.